भिंगरीचं तरंगतं जॅकेट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. बायकांचे आणि लहान मुलींचे कपडे शिवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. देवाने एखादीला थोडी तिरकी घडवली तर मास्तर तिला सरळ करून पाठवतात, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत. मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण त्या दिवशीचा चहा त्यांना जरा जास्त गोड लागे. पाण्याशी मात्र त्यांचा संबंध आंघोळीपुरता आणि नवं कापड शिवण्याआधी भिजत घालण्यापुरता. पाणी घोट्याच्या वर आलं की आपण माणूस नसून साखरेचा खडा आहोत असं त्यांना वाटायला लागे.

असे हे मास्तर एका सकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात, पोहण्याच्या वस्तूंसमोर, हाताची घडी घालून उभे होते. एका बाजूला सून होती. दुसऱ्या बाजूला त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून नात उभी होती, म्हणजे उभी कसली, टोक धरून गोल गोल फिरत होती. म्हणूनच तिला सगळे भिंगरी म्हणत.

मास्तरांचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. वर्षातले कितीतरी महिने तो घराबाहेर. परवा त्याचा फोन आला होता. "बाबा, मी येईपर्यंत भिंगरीला पाण्याची ओळख तेवढी करून द्या. आलो की आम्ही दोघं मिळून पोहू." सुनेने लगेच पोहण्याच्या तलावावर तिचं नाव घातलं. तिथे शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडची जॅकेटं मोठ्या मुलांच्या मापाची आहेत. तुमच्या मुलीला नीट बसेल असं काहीतरी तुम्हीच बघून आणा."

'नीट बसेल असं' हे शब्द कानावर पडल्यावर मास्तर घरी थांबतात होय!

"हे दंडात घालायचे फुगे," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा शाळेतला पहिला गणवेश मास्तरांनीच शिवलेला, त्यामुळे त्या मास्तरांशी मोकळेपणाने बोलत.

मास्तरांनी फुगा उलटा केला, नखाने कडा चाचपली. "जोड चिकटवलेला आहे. शिवलेला नाही."

"मास्तर, फुगा शिवला तर हवा कुठे राहील?"

"आणि हातातून सुटला म्हणजे?"

"तेही खरंच आहे. काही पोरं घामट हाताने खेचून काढतात. मग ही ट्यूब बघा."

मास्तरांनी ट्यूब डोळ्यासमोर धरून तिच्यातून सुनेकडे पाहिलं. "यातून आपली पोर वरून घातली की खालून निघेल. कमरेला धरच नाही."

"हे मात्र लाखातलं एक बोललात," मालकीणबाईंनी कबूल केलं. "ट्यूब खेळायला. भरवशाला नाही. आणि ही फोमची फळी, ती पुढची गोष्ट, पाय मारता यायला लागल्यावर. तुमच्यासाठी हे घ्या."

त्यांनी हुकावरून एक नारिंगी जॅकेट उतरवलं. छातीवर फोमचे दोन जाड ठोकळे, मानेमागे एक उशी, दोन कड्या, आणि वर सरकू नये म्हणून पायांमधून जाणारा एक पट्टा. आतल्या बाजूला किती वजनाच्या मुलासाठी ते लिहिलेलं. सुनेने ते वाचलं. ती इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीत काम करायची, त्यामुळे वस्तू हातात घेतली की आधी आतला मजकूर वाचायची तिला सवयच. "बरोबर आहे. हेच घेऊ या, बाबा."

मास्तरांचा चेहरा कुणी लिंबू पिळल्यासारखा झाला. "अगं, पुढून बघ तरी. पोरीच्या छातीवर दोन विटा बांधल्यासारख्या दिसतायत. गळा हा असा. खांदा तो तसा. याला कुणी हात लावला होता की नुसतंच ओतलंय?"

जॅकेट भिंगरीच्या अंगात घालून बघितलं. ती प्रथमच थांबली. हात दोन्ही बाजूंना उचललेले, हनुवटी ठोकळ्यांवर टेकलेली. कासवाने कवचातून बाहेर पाहावं तशी ती आजोबांकडे बघू लागली.

"टोचतं," ती म्हणाली. "हे आजोबांनी नाही शिवलं."

हे मात्र खरंच होतं. जन्मल्यापासून त्या पोरीच्या अंगाला दुसऱ्याच्या हातचा टाका लागला नव्हता. पहिलं झबलं मास्तरांचं, शाळेचा फ्रॉक मास्तरांचा, बाहुलीचा फ्रॉकही मास्तरांचाच. कुणी कौतुकाने विकतचं काही आणलं तर ती ते बोटाने लांब सारायची. मास्तर वरवर तिला रागवायचे, "असं करू नये गं," आणि आतून त्यांना आभाळ ठेंगणं व्हायचं.

"मी शिवतो," मास्तर म्हणाले.

"बाबा, हा फ्रॉक नाही," सून हळूच म्हणाली.

"फ्रॉक नाही ते मलाही दिसतंय. पण अंग तेच ना?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. दिवसभर ती कामावर असताना या पोरीला जेवू घालणारे, वेणी घालणारे, झोपवणारे हात हेच. त्यांना नाही कसं म्हणायचं? तिने जॅकेट परत हुकाला अडकवलं. "बरं. पण ताईंना दाखवल्याशिवाय पाण्यात उतरवायचं नाही."

"कबूल," मास्तर म्हणाले, आणि गादीवाल्याच्या दुकानाकडे असे निघाले की भिंगरीलाही त्यांच्यामागे धावावं लागलं.

गादीवाल्याकडून त्यांनी पाणी न पिणारा फोम आणला. हाताने दाबून, दाताने चावून, पेल्यातल्या पाण्यात बुडवून खात्री केली. मग कापड पसरलं आणि खडू उचलला. खडू उचलला की मास्तर कुणाचे नसत.

प्रत्येक कारागिराच्या हाताला एक खोड असते. मास्तरांच्या हाताची खोड ही, की जे जाड ते मागे आणि जे दिसायचं ते पुढे. अस्तराची जास्तीची घडी, चेनचा फुगवटा, एखाद्या बाईच्या अंगावर न मावणारा झोळ, सगळं काही नकळत पाठीकडे न्यायचं. समोरून कपडा पाण्यासारखा सपाट पडला पाहिजे. या एका कसबावर त्यांचं दुकान चाललं होतं. तेव्हा फोमचे जाड तुकडे त्यांनी पाठीत घातले यात नवल ते काय? पुढच्या बाजूला नुसतं मऊ कापड ठेवलं, गळ्याला गोट लावला आणि ते बायकोकडे सरकवलं. "यावर मासे भर."

बायकोला सगळा गाव मास्तरीणबाई म्हणे. काजं, बटणं आणि भरतकाम हे तिचं खातं. तिने चष्मा चढवला. "किती मासे?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे? डोळे कुणाचे चाललेत इथे, तुमचे की माझे?"

तरी तिने भरले. लाल, पिवळे, निळे. भिंगरी शेजारी बसून प्रत्येकाला नाव ठेवत होती. एका माशाकडे बघून ती म्हणाली, "आजी, हे मांजर आहे."

"मांजरच आहे. माशांवर लक्ष ठेवायला बसवलंय," मास्तरीणबाई दोरा तोडत म्हणाल्या.

जॅकेट तयार झालं. भिंगरीला कापायच्या टेबलावर उभं करून मास्तरांनी ते तिला घातलं. सुरकुती नाही, झोळ नाही. जणू ती ते घालूनच जन्माला आली होती. मग न्हाणीघरातल्या मोठ्या टबात पाणी भरून त्यांनी जॅकेट सोडलं. ते छान तरंगलं. फक्त पाठ वर आणि मासे खाली.

"अहो, मासे तळाकडे बघतायत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मासे तळाकडे नाही बघणार तर काय छताकडे बघणार?" मास्तर म्हणाले. "रिकामं आहे म्हणून उलटतंय. आत माणूस आला की सरळ होईल."

आत माणूस आला की कपडा सरळ होतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

तलावावर मुलांसाठी एक वेगळी उथळ टाकी होती. ताईंनी जॅकेट हातात घेतलं, खांदे ओढून बघितले, कड्या बघितल्या. "अय्या, किती सुंदर! कुठून घेतलंत?" त्यांनी विचारलं. आजोबांनी शिवलंय असं भिंगरीने इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं की काठावरच्या दोन आया वळून बघायला लागल्या. ताई हसल्या. "बसलंय तर मस्तच." बसलेल्या जॅकेटकडे बघता बघता त्या त्यातला फोम कुठे आहे हे बघायला विसरल्या. माणसाचं होतं असं.

ताई आधी पाण्यात उतरल्या, भिंगरीला काखेत धरून आत घेतलं, जरा वेळ डोलवलं. भिंगरी खिदळत होती. "आता मी जरासाच हात सोडते हं," ताई म्हणाल्या, आणि हात जरासाच सोडला.

पाठीतल्या फोमने आपलं काम चोख केलं. त्याला वर यायचं होतं, तो वर आला. भिंगरी अलगद पालथी झाली, आणि तोंड पाण्यात गेलं.

ताईंनी तिला त्याच क्षणी उचललं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण नाकातोंडात पाणी जायला तेवढं पुरतं. भिंगरी ठसकली, मग श्वास धरून राहिली, आणि मग जो टाहो फोडला त्याने मास्तरांच्या पायाखालची फरशी हलली. सून कपड्यांनिशी टाकीत उतरली होती. मास्तर काठावर दोन्ही हात पुढे करून उभे होते. त्या हातांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पोरगी टॉवेलात गुंडाळली गेली, उबदार झाली, तिला बिस्किट मिळालं. ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "चूक माझी आहे, मी बघायला हवं होतं." सून म्हणाली, "मी दुकानातच हट्ट धरायला हवा होता." मास्तर ते ओलं जॅकेट पिळत होते आणि ते पिळून होतच नव्हतं.

संध्याकाळी भिंगरीच्या फ्रॉकचं मागचं बटण सुटलं होतं. मास्तरांनी सवयीने हात पुढे केला. भिंगरी मागे सरकली.

"आजोबांचं नको," ती म्हणाली.

"अगं, बटण लावतो फक्त."

"नको. तुमचं घातलं की नाकात पाणी जातं."

मग तिने तो फ्रॉक स्वतःच डोक्यावरून ओढून काढला आणि कपाटाच्या तळातून एक विकतचा, मोठा, ढगळ शर्ट काढून घातला. कधीतरी कुणी दिलेला. त्याच्या बाह्या तिच्या कोपराखाली लोंबत होत्या आणि खांदा दंडावर आला होता. मास्तरांना इतकी वाईट शिवण इतक्या जवळून बघायची सवय नव्हती. पण त्यांनी मान फिरवली ती शिवणीमुळे नाही.

पुढचे काही दिवस ती तोच शर्ट घालून हिंडली. धुवायला टाकला तर वाळेपर्यंत दोरीखाली बसून राहायची. शाळेचा फ्रॉक आईने घातला तर चाले, पण गाठ आजोबांनी बांधायची नाही. पाण्याचं नाव काढलं की खाटेखाली. तिचे बाबा फोनवर म्हणाले, "काय गं, पोहतेस ना?" तर तिने फोन आजीच्या मांडीवर ठेवला आणि निघून गेली.

"पोरच ती. विसरेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"विसरली तर बरंच आहे," मास्तर म्हणाले. "पण चुकलं काय ते मला कळायला नको? टाका उसवला नाही. फोमने पाणी प्यायलं नाही. मापात इकडचा दोरा तिकडे नाही. मग पोर पालथी झाली कशी?"

ते एकटेच तलावावर गेले. ताई केस पुसत बसल्या होत्या. मास्तरांना बघून त्या लगबगीने उठल्या आणि पुन्हा माफी मागायला लागल्या.

"ते राहू द्या हो," मास्तर म्हणाले. "मला सांगा, माझं काय चुकलं?"

"मास्तर, फोम मागे होता. तो पाण्याच्या वर येणार. मग पुढची बाजू कुठे जाणार? खाली. तोंड वर राहायला हवं असेल तर जाडी पुढे पाहिजे, छातीवर. म्हणून ती विकतची जॅकेटं तशी बेढब दिसतात."

मास्तरांनी मान हलवली. पण हलवलेली मान आणि पटलेलं मन यात फरक असतो. "आमच्या लहानपणी पोरं पाठीलाच डबा बांधून उतरायची की."

"ती हातपाय मारायला शिकणारी पोरं. पालथीच पोहायची, मान स्वतः वर धरायची. हिला अजून मान धरायचीच अक्कल नाही पाण्यात."

"हं," मास्तर म्हणाले. उठले. चार पावलं गेले आणि परत आले. "ताई, मी एक मागितलं तर हसणार नाही ना? ज्या कपड्याचं काय चुकलं ते कळत नाही, तो मी स्वतः अंगात घालून बघतो. बायकांचे सुद्धा. दार लावून. तर हे मला घालून बघू द्या. त्या छोट्या टाकीत."

ताई हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना टॉवेल तोंडावर धरावा लागला. "मी हाताच्या अंतरावर राहीन, या अटीवर."

घरी येऊन मास्तरांनी तसंच जॅकेट पुन्हा बेतलं, फक्त आपल्या मापाचं. तोच बेत, तोच फोम, जाड ते मागे. मासे सोडून सगळं तेच.

"या वयात बुडायची हौस आलीय," मास्तरीणबाई काजं करता करता पुटपुटत होत्या. "आणि माझ्या हातून काजं करून घेतायत."

सुनेला हे कळल्यावर ती आधी रागावली. "बाबा, एकदा झालं ते पुरे नाही का?" मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणसाचं जेवणात लक्ष नव्हतं, गिऱ्हाइकाला बाही उलटी लावून दिली होती. "बरं, मी पण येते," ती म्हणाली. "आईही येणार म्हणतायत, मग भिंगरीला एकटीला घरी ठेवता येणार नाही. ती लांब बसेल."

भिंगरी खरोखरच लांब बसली. भिंतीला टेकून, बाकावर, ढगळ शर्टात गुडघे ओढून घेऊन, पाण्याकडे पाठ करून.

मास्तर अर्ध्या चड्डीत बाहेर आले. त्यांचे पाय आजवर घरच्यांशिवाय कुणी पाहिले नव्हते आणि का पाहिले नव्हते ते सगळ्यांना कळलं. मास्तरीणबाईंनी पदराआडून सुनेला कोपर मारलं. "बगळा."

पायऱ्या उतरताना मास्तरांनी कठडा असा धरला की तो आपल्याबरोबर आत येतोय की काय असं वाटावं. पाणी गुडघ्यांच्या जरा वर. ते बसले. हुडहुडी भरली. मग डोळे मिटून, जसं काही खुर्चीत रेलतोय, तसे मागे रेलले.

पाणी त्यांना क्षणभर घेऊन उभं राहिलं. मग कुणीतरी खांद्याला धरून अदबीने वळवावं तसं त्यांना वळवलं आणि पालथं केलं. तळाची निळी फरशी त्यांच्या नाकाशी आली. हात कुठे टेकायचे तेच कळेना. ताईंनी काखेत हात घालून उचललं.

"अरे बापरे," मास्तर खोकत म्हणाले. "अरे बापरे. असं होतं होय!"

बाकावरून एक खुदकन आवाज आला. भिंगरी वळून बघत होती.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

"पुरे झालं, बाबा!"

"थांब गं. पहिल्यांदा घाईत झालं."

दुसऱ्यांदाही पाण्याने त्यांना तसंच वळवलं. या वेळी बाकावरून हसू आलं नाही. भिंगरी उठून उभी राहिली होती. "आजोबांचं तोंड आत गेलं," ती आईला म्हणाली. "काढ ना."

"ताई काढतात हं. बघ, निघाले."

मास्तरांचे पांढरे केस कपाळावर चिकटले होते आणि डोळे लाल झाले होते. पण आता त्यांना काहीतरी कळत होतं, आणि कळायला लागलं की ते थांबत नसत. जन्मभर त्यांनी माणसाला उभं करून माप घेतलं. उभ्या माणसाचं पुढचं आणि मागचं त्यांना ठाऊक होतं. आडव्या माणसाचं वरचं आणि खालचं त्यांनी कधी बेतलंच नव्हतं. ते तिसऱ्यांदा रेलले, या वेळी वळताना मान वर धरून बघायची म्हणून. मान राहिली नाही. एक पाय फरशीवरून घसरला आणि ते सपशेल पालथे झाले.

ताई वाकल्याच होत्या. पण त्यांच्या आधी पायऱ्यांवरून कुणीतरी धपाधप उतरलं. ढगळ शर्ट पाण्यावर फुगला. दोन लहान हात मास्तरांच्या हनुवटीखाली शिरले आणि वर ढकलू लागले.

"तोंड वर! आजोबा, तोंड वर करा! वर!"

ताईंनी मागून एका हाताने मास्तरांना आणि दुसऱ्या हाताने भिंगरीला धरलं. मास्तर गुडघ्यांवर बसले. समोर नात, छातीपर्यंत पाण्यात, रागाने लाल झालेली, त्यांची हनुवटी अजून दोन्ही हातांत घट्ट धरलेली.

"मी सांगितलं ना तोंड वर करायचं?"

"सांगितलंस. मला जमेना गं."

"हे जॅकेट वाईट आहे."

"वाईट आहे."

"तुम्हीच शिवलं."

"हो," मास्तर म्हणाले. "मीच शिवलं. चुकलं माझं. तुझं जॅकेटसुद्धा मीच चुकवलं होतं. तुला असं व्हायला नको होतं." त्यांचा आवाज जरा ओला झाला, पण तिथे सगळंच ओलं होतं.

भिंगरीने थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं. "तुमच्या पण नाकात गेलं?"

"नाकात, कानात, सगळीकडे."

"झणझणलं?"

"फार झणझणलं."

ती जरा विचारात पडली. हनुवटी मात्र तिने सोडली नाही.

काठावरून सून म्हणाली, "बाबा, ते उलटं घाला बघू. पाठ पुढे."

शिंप्याने चारचौघांत कपडा उलटा घालायचा! मास्तरांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग बटणं सोडली, जॅकेट फिरवलं आणि ते पुढून पाठीसारखं जाड झालं. मास्तरीणबाईंनी काठावरून वाकून त्यांची बटणं पाठीवर लावून दिली. आता मास्तर छातीवर विटा बांधल्यासारखे दिसत होते. ते रेलले. पाण्याने त्यांना या वेळी वळवलं नाही. धरून ठेवलं. कान पाण्यात, नाक आभाळाकडे.

"अगं!" ते म्हणाले. "अगं, हे तर झोपवतंय मला!"

भिंगरी त्यांचा कान धरून त्यांना टाकीभर फिरवू लागली. होडी ओढावी तसं. आपण पाण्यात आहोत हे तिच्या लक्षात आलं ते पहिली फेरी संपल्यावर, आणि मग तिने उगीचच थोडं ओरडून घेतलं. पण बाहेर काही आली नाही. सून पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसली होती. ती हळूच सासऱ्यांना म्हणाली, "खरं सांगा, तिसऱ्यांदा मुद्दाम पडलात ना?"

"छे गं," मास्तर आभाळाकडे बघत म्हणाले. "खरंच उठता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते सगळे पुन्हा दुकानात गेले. मालकीणबाईंना सगळी हकिकत आधीच कळली होती. अशा गोष्टी पायांनी चालत नाहीत. पण त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. नुसतं नारिंगी जॅकेट काउंटरवर ठेवलं.

मास्तरांनी ते उचललं. ठोकळे अंगठ्याने दाबले. पुढे जाड, मागे पातळ, मानेला आधार. आज त्यात त्यांना बेढब काही दिसेना. ज्याने बेतलं त्याने आडवा माणूस डोळ्यापुढे ठेवला होता. "चांगला कारागीर आहे," ते म्हणाले. "फक्त या पट्ट्याचं टोक जरा लोंबतंय, तेवढं आत—"

"बाबा," सून म्हणाली. "सुई नाही."

"सुई नाही," मास्तरांनी हात वर केले. "आत लिहिलंय, यात फेरफार करू नये. मी वाचलं. वरून भरतकामसुद्धा नाही."

"मासे नकोतच," भिंगरी म्हणाली. "मासे खाली बघतात."

ती जॅकेट घेऊन आईकडे गेली. आईने ते तिच्या अंगात घातलं आणि कड्यांना हात लावला, तशी भिंगरी तिच्या हातातून निसटली आणि मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात बाजूला पसरून, हनुवटी वर करून.

"आजोबा, लावा."

मास्तर गुडघ्यांवर बसले. कड्या लावायला त्यांना शिकाऊ पोरापेक्षा जास्त वेळ लागला. पायांमधला पट्टा त्यांनी सरळ केला, दोन बोटं आत घालून कुठे काचत नाही ना ते पाहिलं, आणि दोन्ही खांदे वर ओढून जॅकेट कानांपर्यंत येत नाही याची खात्री केली. "श्वास घे. आता सोड. टोचतं का?"

"थोडंसं."

"मग काढू?"

"नको. थोडंसंच टोचतं." तिने मागे वळून मालकीणबाईंकडे पाहिलं. "आजोबांना पण एक द्या. ते बुडतात."

"आजोबांना?" मालकीणबाई म्हणाल्या. "बरं बाई. पण मापाशिवाय कसं देऊ?"

काउंटरवर मापाची पट्टी पडली होती. भिंगरीने ती ओढली. मास्तर अजून गुडघ्यांवरच होते, म्हणून तिचे हात पोचले. तिने पट्टी त्यांच्या काखेखालून घातली, मागे जाऊन ती पकडली, पुढे येताना हातातून सोडली, पुन्हा गेली. जन्मभर लोकांना हात वर करायला लावणारे मास्तर हात वर करून गप्प बसले होते, आणि काखेत गुदगुल्या होत असताना लोक इतकी वर्षं हसले कसे नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

"हलू नका," भिंगरी म्हणाली. "आणि पोट आत ओढू नका. ओढलंत तर मग घट्ट होतं."

"नाही ओढत."

अखेर पट्टीची दोन्ही टोकं छातीवर भेटली. भिंगरीने त्यावर नाक टेकवून निरखून पाहिलं. तिला अजून आकडे वाचता येत नव्हते.

"किती गं भरलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"खूप," भिंगरी म्हणाली.

मालकीणबाईंनी स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या हुकाकडे हात घातला.